थर्माकोलच्या सर्फबोर्डवरचा फायबरचा थर पुन्हा पुन्हा का सुटतो?

कोल्हापुरात फायबरचे काम जाणणारे हात भरपूर आहेत. उद्यमनगरात, शिरोलीत आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत मॅट (काचेच्या धाग्यांची चटई), रेझिन (धाग्यांना बांधून पुढे कडक होणारा द्रव) आणि हार्डनर (रेझिनला घट्ट करणारा पदार्थ) हे शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. त्यामुळे मालवण, रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर नेण्यासाठी सर्फबोर्ड अथवा पॅडलबोर्ड येथेच बनवावा, असे एखाद्याच्या मनात आले, तर तो सहसा थर्माकोलचा ठोकळा आणतो, तारेने कापतो, घासून आकार देतो आणि ओळखीच्या कारागिराकडून त्यावर फायबर चढवून घेतो. बोर्ड दिसायला चांगला होतो. मात्र काही आठवड्यांत किंवा पहिल्याच उन्हाळ्यात उभे राहण्याच्या जागी तो पायाखाली मऊ लागू लागतो, फायबरखाली फुगा धरतो आणि फुग्याच्या कडेने थर सुटत जातो. मग रेझिन खराब होते असे ठरते, दुकान बदलले जाते, पुढचा बोर्ड नव्या रेझिनने होतो आणि त्यावरही तोच फुगा येतो.

ही तक्रार वारंवार येण्याचे कारण असे की फोम आणि रेझिन यांची निवड स्वतंत्रपणे केली जाते. प्रत्यक्षात ती जोडीने करावी लागते, आणि त्या जोडीवर आपल्या शेडमधले तापमान व दमटपणा यांचा परिणाम किती होतो, हेही आधीच पाहावे लागते. येथे मी मुख्यतः या एकाच दोषाचा विचार करणार आहे. बोर्डाचा आकार, फिनची जागा, लांबी-रुंदी हे विषय बाजूला ठेवले आहेत.

फुगा कापून आतली बाजू पाहा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी फुगलेल्या भागावर धारदार पात्याने तीन बाजूंनी काप घेऊन तो पापुद्रा उलटा करावा. फाउंड्रीत तुटलेले कास्टिंग आले की आधी तुटीचा पृष्ठभाग पाहतात, तसेच येथे पापुद्र्याची खालची बाजू आणि तिच्यासमोरचा फोम यांवरून कारण बऱ्याच अंशी कळते. हे न करता वरून भोक पाडून रेझिन सोडण्याची जी पद्धत आहे, ती फुगा बसवते, पण त्याचे कारण आतच ठेवते.

पापुद्र्याला थर्माकोलचे पांढरे दाणे चिकटून आलेले असतील, तर रेझिनने आपले काम केलेले आहे आणि फोम हरलेला आहे, असे समजावे. येथे आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. दाणे अखंड, गोल स्वरूपात उपटून आले असतील तर ठोकळा तयार होतानाच दाणे एकमेकांशी नीट जुळलेले नव्हते. अशा मालाला कोणतेही रेझिन वाचवू शकत नाही. दाणे मधोमध फाटलेले दिसले तर जुळणी चांगली होती, परंतु त्या घनतेच्या फोमवर भार जास्त आला किंवा वरचा थर फार पातळ होता.

पापुद्र्याची खालची बाजू गुळगुळीत आणि स्वच्छ असेल, तर चिकटण्याची क्रियाच नीट झाली नाही. घासल्यानंतरची धूळ राहिली, मधल्या पुट्टीच्या थराने फोमला धरले नाही, पावसाळ्यात दोन थरांमध्ये मेणचट साय बसली, किंवा वापरलेला फोम थर्माकोल नसून बंद पेशींचा गुळगुळीत एक्सपीएस (दाणे नसलेला, एकसंध पॉलिस्टायरीन फोम) होता, यांपैकी काहीतरी घडलेले असते.

पापुद्र्याखाली पोकळी असेल आणि तिच्या कडा आखडून कडक, काचेसारख्या झालेल्या असतील, तर फोम विरघळलेला आहे. तो पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रवाने, थिनरने किंवा क्वचित रेझिनच्या स्वतःच्या उष्णतेने गेलेला असतो. पापुद्रा बोटाला चिकट लागला, नखाने खरवडला जात असला, तर मिश्रणाचे प्रमाण चुकले आहे. आणि आत पाणी किंवा मिठाचा थर दिसला, तर फुग्याच्या बरोबरीने कुठेतरी बारीक छिद्र किंवा तडा शोधावा लागेल, कारण तो बुजवल्याशिवाय बाकीची दुरुस्ती टिकणार नाही.

फोम विरघळतो तेव्हा

फायबरच्या कामात नेहमी वापरले जाणारे स्वस्त रेझिन हे पॉलिस्टर असते. ते पातळ राहावे आणि पुढे घट्ट व्हावे म्हणून त्यात स्टायरीन असते, आणि तेही थोडेथोडके नव्हे. साधारणपणे वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, अर्थात त्याच स्टायरीनपासून बनलेले प्लास्टिक. आपल्याच घटकद्रव्यात ते झपाट्याने विरघळते. त्यामुळे पॉलिस्टर रेझिन थर्माकोलवर थेट ओतले तर काही क्षणांत खड्डा पडतो, आणि ही चूक सहसा कोणी दुसऱ्यांदा करत नाही.

पण वारंवार फसवणारी गोष्ट वेगळी आहे. थर्माकोलवर आधी इपॉक्सीचा (स्टायरीन नसलेल्या, महाग रेझिनचा) किंवा पुट्टीचा एक हात देऊन, मग स्वस्त पडते म्हणून वर पॉलिस्टर चढवण्याची युक्ती अनेकांना सुचते. मूर्तीच्या किंवा सजावटीच्या कामात ती निभावून जाते, कारण मूर्तीवर कोणी उभे राहत नाही. बोर्डावर मात्र खालच्या हातात राहिलेल्या सुईएवढ्या छिद्रातून स्टायरीन आत उतरते आणि बाहेरून काही न दिसता आत लिंबाएवढी पोकळी तयार होते. शिवाय अर्धवट सुकलेल्या इपॉक्सीत हार्डनरमधून आलेल्या अमाइन या रसायनामुळे पॉलिस्टर नीट घट्ट होत नाही, आणि पूर्ण सुकलेल्या इपॉक्सीलाही ते फारसे चांगले धरत नाही. याच्या उलट क्रम, म्हणजे पूर्ण कडक झालेल्या व घासलेल्या पॉलिस्टरवर इपॉक्सी, चालतो. दुरुस्तीच्या कामात हा फरक उपयोगी पडतो.

स्टायरीन आणि थिनर यांच्या चोरवाटाही लक्षात ठेवाव्यात. गॅरेजमध्ये गाडीच्या पत्र्यावर लावतात ती दोन भागांची पुट्टी पॉलिस्टरचीच असते. थर्माकोलवरचा खळगा तिने भरला की खळगा मोठा होतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी, स्प्रेच्या डब्यातले रंग, बुटांना व फोमच्या गाद्यांना लावायचा रबरी गम, मार्करची काही शाई, या सर्वांत थर्माकोल खाणारी द्रावके असू शकतात. आखणीसाठी साधी पेन्सिल आणि रंगासाठी पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घ्यावा. उन्हात चटकन घट्ट होणारे जे तयार दुरुस्ती रेझिन किनाऱ्यावरचे लोक वापरतात, तेही पुष्कळदा पॉलिस्टरवर आधारलेले असते. डब्यावर इपॉक्सी असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर थर्माकोलच्या बोर्डावरील उघड्या जखमेवर ते लावू नये.

या गोंधळामागे एक इतिहासही आहे. अमेरिकेतील बहुतेक बोर्ड अनेक दशके पॉलियुरेथेन फोम आणि पॉलिस्टर रेझिन या जोडीने होत असत, आणि तो फोम प्रामुख्याने कॅलिफोर्नियातील क्लार्क फोम ही एकच कंपनी पुरवत असे. ५ डिसेंबर २००५ रोजी ती अचानक बंद झाली. त्यानंतर थर्माकोल आणि इपॉक्सी या जोडीकडे अनेक कारागीर वळले, परंतु जुनी जोडी संपली नाही. आजही दोन्ही चालू आहेत. त्यामुळे इंटरनेटवर दिसणाऱ्या चित्रफितीत एखादा कारागीर पांढऱ्या फोमवर बिनधास्त पॉलिस्टर ओतताना दिसतो, आणि तो पांढरा फोम थर्माकोल नव्हे हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. पॉलियुरेथेनवर स्टायरीनचा परिणाम होत नाही, एवढाच त्या दृश्यामागचा खुलासा आहे.

हातातला फोम कोणता हे ओळखण्यासाठी ठोकळ्याच्या टाकाऊ तुकड्यावर नखपॉलिश काढण्याच्या ॲसिटोनचा एक थेंब टाकावा. थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही लगेच खचतात. पॉलियुरेथेन जसेच्या तसे राहते. थर्माकोलचे दाणे मोडल्यावर डोळ्यांना दिसतात, एक्सपीएस एकसंध व बहुधा रंगीत असते, आणि पॉलियुरेथेन नखाने दाबले की भुगा होतो व प्रकाशात पिवळे पडत जाते. जाळून ओळखण्याचा प्रयोग करू नये. पॉलियुरेथेनच्या धुरात सायनाइडसारखे विषारी वायू असतात. ज्या रेझिनने काम करायचे आहे त्याचा, हार्डनरसह, एक थेंब त्याच तुकड्यावर टाकून दुसऱ्या दिवशी पाहणे हा मात्र प्रत्येक नव्या मालासाठी नियम असावा. डब्यावरच्या नावापेक्षा मी त्या थेंबावर अधिक विश्वास ठेवतो.

कोणता फोम घ्यावा

येथे सहज मिळणारा थर्माकोल बहुतांशी पॅकिंगसाठी केलेला असतो, आणि त्याची घनता घनमीटरला १० ते १५ किलोच्या दरम्यान असते. सर्फबोर्डासाठी साधारण १६ ते ३२ किलोचा माल वापरतात. विक्रेता सांगेल त्यावर न थांबता ठोकळ्यातून १० सेंटिमीटर लांब, रुंद व उंच असा चौकोनी तुकडा नेमका कापून वजन करावे. त्या तुकड्याचे आकारमान बरोबर एक लिटर असल्याने जितके ग्रॅम वजन भरेल, तितकीच घनमीटरमागे किलोमध्ये घनता असते. घरच्या काट्यावर १२ आणि १६ ग्रॅममधला फरक विश्वासाने कळत नाही. गुजरीतल्या एखाद्या सराफाच्या काट्यावर तो निर्विवाद कळतो.

घनता वाढवली तर बोर्ड जड होईल, ही भीती आकड्यांनी तपासून पाहण्यासारखी आहे. मध्यम आकाराच्या बोर्डात सुमारे ३५ लिटर फोम असतो. १२ किलोच्या थर्माकोलचा असा गाभा ४२० ग्रॅम भरतो, तर २४ किलोच्या मालाचा ८४० ग्रॅम. म्हणजे घनता दुप्पट करूनही बोर्डाचे वजन अर्ध्या किलोनेही वाढत नाही. याउलट मऊ फोमवर टिकाव धरण्यासाठी जो कापडाचा एक जादा थर आणि त्यात मुरणारे रेझिन लागते, त्याचे वजन सहज तेवढे होते. म्हणून २० ते २४ किलोचा, दाणे घट्ट जुळलेला थर्माकोल मागवून घेणे आणि त्यासाठी थांबावे लागले तरी थांबणे, हेच मला शहाणपणाचे वाटते. ठोकळा हाती आला की कोपरा मोडून पाहावा. मोडलेल्या जागी बरेच दाणे फाटलेले दिसायला हवेत. सगळेच अखंड सुटून आले तर तो ठोकळा परत करावा.

छताच्या उष्णतारोधनासाठी मिळणारे एक्सपीएस दिसायला मोहक असते. ते पाणी पीत नाही, मजबूत असते, घनताही ३० किलोच्या आसपास असते. तरीही फायबर चढवायच्या बोर्डासाठी मी ते टाळतो. त्याच्या पेशी इतक्या बंद असतात की आतील वायूला कापडाखालून पसरून जाण्यास वाट मिळत नाही. उन्हात तापल्यावर तो फोम आणि फायबर यांच्यामध्येच साठतो व फुगा धरतो. शिवाय गुळगुळीत पृष्ठभाग रेझिनला फारसा धरू देत नाही. कोणाला वापरायचेच असेल तर कारखान्यातून आलेली वरची साय पूर्ण घासून काढणे आणि खडबडीत पॉलिश पेपरने सर्व पृष्ठभाग ओरखडून घेणे हे किमान आवश्यक आहे.

राहिला पॉलियुरेथेन. सर्फबोर्डासाठीच ओतलेले तयार ठोकळे बाहेरून मागवावे लागतात आणि वाहतुकीत महाग पडतात. शीतगृहांच्या कामासाठी मिळणारे पफचे, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचे, स्लॅब ३२ ते ४० किलोच्या घनतेत येतात. ते ठिसूळ असतात, त्यांच्या धुळीचा त्रास होतो आणि दाबाखाली ते खचून तसेच राहतात. पण कारागिराचा हात पॉलिस्टरवरच बसलेला असेल आणि इपॉक्सीचा खर्च परवडणारा नसेल, तर थर्माकोलवर पॉलिस्टरची युक्ती करण्यापेक्षा पफ आणि पॉलिस्टर ही जोडी कितीतरी बरी. मात्र तेथेही वरचा कागद किंवा पत्रा काढून टाकून उघडा फोमच वापरावा.

रेझिन आणि कापड

थर्माकोल घेतला की रेझिन इपॉक्सीच, यात पर्याय नाही. पण इपॉक्सी म्हणून जे डबे मिळतात ते सर्व सारखे नसतात, आणि पॉलिस्टरच्या सवयी येथे घात करतात. पॉलिस्टरमध्ये हार्डनर म्हणून घालतात तो द्रव केवळ क्रिया सुरू करणारा असतो. त्याचे प्रमाण १ ते २ टक्के असते, थंडीत थोडा वाढवला आणि उन्हाळ्यात कमी केला तरी काम होते. इपॉक्सीचा हार्डनर हा त्या पदार्थाचा खरा भागीदार असतो, त्याचा प्रत्येक रेणू रेझिनमध्ये कायमचा गुंफला जातो. लवकर घट्ट व्हावे म्हणून तो जास्त घातला की उरलेला हार्डनर तसाच राहतो आणि थर मऊ, चिकट व दमटपणा ओढणारा होतो. कमी घातला तर रेझिन उरते. थंडीत गती हवी असेल तर खोली गरम करावी किंवा जलद प्रकारचा हार्डनर घ्यावा. प्रमाण बदलू नये.

बाजारात सहज मिळणाऱ्या अनेक इपॉक्सींचे प्रमाण वजनाने १०० भागांस १० भाग असे असते. २०० ग्रॅम रेझिनसाठी २० ग्रॅम हार्डनर. येथे ४ ग्रॅमची चूक म्हणजे पाचव्या हिश्श्याची चूक, आणि भाजीच्या काट्यावर ती सहज होते. बोर्डासाठी मी १०० भागांस ३० ते ५० भाग हार्डनर लागणारे, पातळ, लॅमिनेशनसाठी (कापड भिजवून थर चढवण्यासाठी) बनवलेले रेझिन सुचवेन. त्यात तेवढीच चूक कमी नुकसान करते, आणि कापड भिजवण्यासाठी ते मुळातच पातळ असते. दाट इपॉक्सी थिनर घालून पातळ करणे हे फोम विरघळण्याचे आणखी एक छुपे कारण आहे. दाटपणा कमी करायचा तर रेझिनचे बंद भांडे कोमट पाण्यात ठेवावे. मिश्रणाला मिळणारा वेळ त्यामुळे कमी होतो हे लक्षात ठेवून थोडेथोडेच कालवावे. मिसळलेले रेझिन खोल डब्यात राहू देऊ नये. जाड साठ्यात ते स्वतःच्या उष्णतेने शंभर अंशांच्या पुढे जाऊ शकते, आणि तसे तापलेले रेझिन खळग्यात ओतले तर इपॉक्सी असूनही थर्माकोल खचतो. खोल खळगे म्हणूनच एका दमात भरू नयेत.

कापडाच्या बाबतीत नेहमीची ३०० किंवा ४५० ग्रॅमची तुटक धाग्यांची मॅट येथे वापरू नये. तिचे धागे धरून ठेवणारी पावडर स्टायरीनमध्ये विरघळावी अशी योजना असते; इपॉक्सीत स्टायरीन नसल्याने मॅट ताठ राहते, नीट भिजत नाही, कडेवर वळत नाही आणि खाली हवा धरून ठेवते. अशा मॅटखालची हवा हीच पुढे फुग्याची सुरुवात ठरते. विणलेले १३० ते २०० ग्रॅमचे कापड, उभे राहण्याच्या बाजूला दोन थर आणि तळाला एक, असे साधारण धोरण ठेवावे. टाचा जेथे पडतात तेथे आणखी एक छोटा तुकडा देणे फायद्याचे असते.

शेडमधली हवा आणि घाटातली हवा

आतापर्यंतची निवड बरोबर असूनही लॅमिनेशन होत असतानाच कापडाखाली बारीक बुडबुडे येत असतील, तर दोष रेझिनचा नाही, वेळेचा आहे. आपली बहुतेक शेड पत्र्याची. सकाळी नऊ-दहाला काम सुरू केले की दुपारपर्यंत शेड तापत जाते आणि त्याबरोबर फोममधली हवाही. थर्माकोलच्या आकारमानातील जवळजवळ ९८ टक्के भाग हवाच असते. तापमान १० अंशांनी वाढले तर ३५ लिटरच्या गाभ्यातील हवेला एक लिटरहून अधिक जागा जास्त लागते. ती सगळी लगेच बाहेर पडत नाही, परंतु दाण्यांच्या फटींतली हवा ओल्या रेझिनमधून वर येण्यास एवढा फरक पुरेसा आहे. म्हणून लॅमिनेशन संध्याकाळी, शेड थंड होऊ लागल्यावर करावे. आकुंचन पावणारी हवा रेझिनला उलट आत ओढून घेते. बोर्ड दिवसभर त्याच शेडमध्ये ठेवलेला असावा. घरातल्या गार खोलीतून आणलेला गाभा तापलेल्या शेडमध्ये ठेवून लगेच काम सुरू करणे, हे बुडबुड्यांना आमंत्रण आहे. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्रीचा पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा हा नियम पाळताना रेझिन अर्धवट राहणार नाही याची काळजी घेऊन, पहिला चिकटपणा जाईपर्यंत शेड उबदार ठेवावे.

पहिल्या थरापूर्वी गाभ्याची बारीक छिद्रे बुजवावीत. इपॉक्सीत मायक्रोबलून (अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांची हलकी पूड) कालवून केलेले पातळ मिश्रण रबरी पट्टीने ओढून, जादा सगळे काढून टाकावे. ते पूर्ण सुकवून घासत बसण्यापेक्षा, अजून किंचित ओलसर असतानाच कापड अंथरून वरचे रेझिन दिले तर दोन्ही थर एकजीव होतात. भिंतीला लावायची पाण्याची पुट्टी काही जण वापरतात. ती घासायला सोपी असते, पण थर म्हणून ठेवली तर फोमला धरत नाही आणि पापुद्रा स्वच्छ सुटून येतो. खड्ड्यांपुरती वापरून बाकी सगळी घासून काढली तरच ती चालते.

यापुढची गोष्ट कोल्हापूरच्या उंचीची आहे, आणि किनाऱ्यावर बसून बोर्ड करणाऱ्यांना तिचा विचार करावा लागत नाही. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहोत, त्यामुळे येथील हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे ६ टक्के कमी असतो. येथे पूर्ण बंद केलेला बोर्ड आंबा घाट किंवा गगनबावडा उतरून खाली नेला की आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो. त्यातच गाडीच्या टपावर तापलेला बोर्ड एकदम पाण्यात घातला की आतली हवा आणखी आकुंचन पावते. अशा वेळी सुईएवढे छिद्रही पाणी आत ओढून घेते; दाण्यांच्या फटींतून ते पसरते, बोर्ड जड होतो आणि आतून पकड सुटू लागते. उलट, किनाऱ्यावर दुरुस्त करून तेथेच बंद केलेला बोर्ड घाट चढून वर आणला की आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होतो. हा फरक एका चौरस मीटरवर सुमारे सहाशे किलो भार येण्याइतका असतो. चांगली पकड तो सहन करते, पण आधीच कुठे ढिली झालेली जागा असेल तर ती फुगते. मे महिन्यात बंद गाडीत तापमान साठच्या पुढे गेले, तर याच्या दुप्पटीने दाब वाढतो आणि साध्या खोलीत सुकवलेले बरेचसे इपॉक्सी याच तापमानाला मऊ पडू लागते. फुगे नेमके प्रवासानंतर दिसतात याचे कारण हेच.

म्हणून थर्माकोलच्या बोर्डाला हवेची झडप बसवावी असे मी आग्रहाने सांगतो. पाणी अडवून हवा सोडणाऱ्या पडद्याच्या तयार झडपा मिळतात. त्या मिळाल्या नाहीत तर रबरी वॉशर लावलेला छोटा स्क्रू पुरतो, परंतु पाण्यात उतरण्यापूर्वी तो घट्ट करणे आणि बाहेर आल्यावर, तसेच घाटात निघण्यापूर्वी, सैल करणे ही शिस्त पाळावी लागते. ती पाळणारे लोक फार थोडे. बोर्डाचा रंग शक्यतो पांढरा ठेवावा. गडद निळा बोर्ड छान दिसतो आणि तितकाच छान तापतो.

पावसाळ्यातील मेणचट साय

जून ते सप्टेंबरदरम्यान येणाऱ्या तक्रारींचे स्वरूप थोडे निराळे असते. पहिला थर घट्ट झालेला असतो, त्यावर दुसरा दिला जातो, आणि पुढे दोन थरांमधूनच फायबर सुटतो. दमट हवेत इपॉक्सीच्या हार्डनरमधील अमाइन हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावून पृष्ठभागावर मेणासारखी साय धरते. ती घासून जात नाही. पॉलिश पेपर तिला पसरवतो आणि स्वतः चोंदतो. ती पाण्यात विरघळते, म्हणून आधी स्वच्छ पाणी आणि भांडी घासायच्या हिरव्या जाळीने पृष्ठभाग धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळल्यावर मगच घासावे. थिनरने पुसण्याचा उपयोग नाही. दुसरा उपाय म्हणजे पहिल्या थराचा चिकटपणा अजून बाकी असतानाच, त्याच दिवशी, दुसरा थर देणे. तिसरा, आणि मला सर्वांत आवडणारा, म्हणजे ओल्या थरावर कोटिंग नसलेले पांढरे नायलॉनचे अस्तर अंथरणे. घट्ट झाल्यावर ते ओढून काढले की सायही त्याबरोबर निघते आणि खाली खडबडीत, स्वच्छ पृष्ठभाग मिळतो. सुती कापड यासाठी वापरू नये, ते कायमचे चिकटते.

सुटलेल्या बोर्डाची दुरुस्ती

कापलेल्या फुग्यातून पाणी निघाले असेल तर घाई करू नये. बोर्ड गोड्या पाण्याने धुऊन, टोक खाली करून सावलीत उभा करावा आणि अधूनमधून वजन करत राहावे. वजन उतरायचे थांबेपर्यंत तो वाळलेला नाही. हीटर किंवा ऊन लावून वाळवण्याच्या प्रयत्नात फोम आखडतो. वाळल्यावर सुटलेला पापुद्रा पक्की पकड लागेपर्यंत कापून काढून टाकावा, त्याला पुन्हा चिकटवण्याचा मोह धरू नये. खचलेला फोम चौकोनी कापून तेथे त्याच घनतेचा तुकडा इपॉक्सीने बसवावा, पातळीला घासावा, कडेचा जुना फायबर चार-पाच सेंटिमीटरपर्यंत उतरता घासून त्यावर मूळ होते तितक्याच थरांचे कापड चढवावे. पापुद्र्यावरून प्रमाण चुकल्याचे दिसले असेल, म्हणजे थर सर्वत्रच मऊ असेल, तर तुकड्यापुरती दुरुस्ती व्यर्थ आहे. तो संपूर्ण थर सोलून गाभा परत वापरणे स्वस्त पडते.

काम करताना नायट्राइल हातमोजे घालावेत आणि हाताला लागलेले इपॉक्सी थिनरने न पुसता साबणाने धुवावे, कारण अमाइनची ॲलर्जी एकदा जडली की ती जात नाही. पफ आणि पॉलिस्टर वापरणाऱ्यांनी कोबाल्ट (पॉलिस्टरची क्रिया जलद करणारा द्रव) आणि हार्डनर एकमेकांत कधीही थेट मिसळू नयेत. त्यातून आग किंवा स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे आणि त्यानंतरच हार्डनर घालावा. दुरुस्त केलेला बोर्ड खोलीच्या तापमानाला किमान आठवडाभर ठेवून, झडप उघडी असल्याची खात्री करून, मगच टपावर बांधावा.